पाचव्या डावातली मागणी

लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर माणसाने बायकोला पुन्हा मागणी घालू नये. घालायचीच असेल तर स्वयंपाकघरात घालावी, दार लावून. चार हजार लोक, एक सात फुटी कांदा आणि घर तापवायच्या भट्ट्या दुरुस्त करणारी कंपनी यांच्या साक्षीने तर मुळीच घालू नये. हे शहाणपण मला आता आलं आहे. त्या वेळी शहाणपण शिकवणारे माझ्या आजूबाजूला पुष्कळ होते, पण ते सगळे नेमकं उलट शिकवत होते.

माझा बेत अगदी साधा होता. आमच्या एल्डरविलच्या बेसबॉल मैदानावर एक मोठा पडदा आहे. दोन डावांच्या मधल्या वेळात त्यावर लोकांच्या शुभेच्छा झळकतात. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला त्यावर ‘डार्ला, पंचवीस वर्षं झाली. नॉरिस’ एवढंच यावं, तिने ते वाचावं, मी खांदे उडवावेत आणि आम्ही शेंगदाणे खात बसावं. यापेक्षा जास्त भावना दाखवायची माझी तयारी नव्हती आणि आमच्या घराण्यात तशी पद्धतही नाही.

आमच्या संघाचं नाव ‘लढाऊ कांदे’. ओहायोतल्या आमच्या भागाची काळी जमीन फक्त कांद्याला मानवते, तेव्हा नाव ठेवणाऱ्यांपुढे दुसरा पर्याय नव्हता. संघ अगदी खालच्या पायरीवरचा. मोठ्या शहरातून बोलावणं येईल म्हणून डोळे लावून बसलेली पोरं आणि तिथून परत पाठवलेले थोराड गडी, असे मिळून हे नऊजण. ते बहुतेक वेळा हरतात. पण म्हणून कोणी मैदानावर जायचं थांबत नाही. आम्हीही नाही. आमची मुलगी टेस पाळण्यात होती तेव्हापासून उन्हाळ्यात दर गुरुवारी मी, डार्ला, टेस आणि सासूबाई गाडीत बसतो, आणि संघ बाहेरगावी असला तर शेजारच्या कुठल्याही गावचं असंच एखादं मैदान गाठतो. बसायच्या उशा, गोधड्या, टोप्या आणि सासूबाई हे सगळं गाडीत नीट कसं रचायचं याचं एक शास्त्र आहे. सासूबाई शेवटी ठेवायच्या, कारण त्या आधी बसल्या की बाकीचं सामान कसं ठेवावं हे सांगत राहतात.

आता, मी भित्रा माणूस आहे. काउंटीच्या पाणीपुरवठा कार्यालयात नोकरी करून माणूस शूर होत नाही. बेसबॉल बघताना लोक नाचोज खातात, गाणी म्हणतात. मी मात्र झेल घ्यायचा हातमोजा घालून चेंडू कुठे आहे ते बघत असतो. फलंदाजाने वेडावाकडा फटका मारला की चेंडू सरळ प्रेक्षकांत येतो आणि तो पकडणाऱ्याचं मोठं कौतुक होतं. मी आजवर एकही चेंडू पकडलेला नाही. चेंडूंनी मला मात्र दोनदा पकडलं आहे, एकदा कानशिलावर आणि एकदा पाठमोरा असताना.

पण त्या उन्हाळ्यातली भीती चेंडूची नव्हती. टेस मागच्या शरद ऋतूत कॉलेजला गेली आणि सुट्टीतही तिकडेच काम धरून राहिली. घर एकाएकी फार मोठं झालं. डार्लाची बहीण ग्लेंडा देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, ओरेगनला असते, तिची रोपवाटिका आहे. तिने डार्लाला लिहिलं, ‘ये माझ्याकडे, कामाला हात लाव, बघ जमतंय का.’ त्या ‘बघ जमतंय का’ने माझी झोप उडाली. माणूस पाहुणा म्हणून जातो तेव्हा त्याला काय जमायचं असतं? टेसच्या पलंगावर डार्लाची बॅग उघडी पडली होती. कधी तीत स्वेटर वाढे, कधी तोच स्वेटर पुन्हा कपाटात दिसे. मी त्या खोलीवरून जाताना समोरच्या भिंतीकडे बघत जाई.

‘किती दिवसांसाठी जातेस?’ एवढं विचारायचं होतं. पण आमच्याकडचे पुरुष असलं काही विचारत नाहीत. आमच्याकडचे पुरुष बायकोच्या गाडीचं तेल बदलून देतात. मी त्या महिन्यात तिच्या गाडीचं तेल दोनदा बदललं, टायरमधली हवा तपासली, काचेचे वायपर नवे घातले. डार्ला म्हणाली, “थँक यू, नॉरिस.” मग मला वाटलं, आपण तिची गाडी ओरेगनपर्यंत जाण्याजोगी करून देतोय की काय! 

तर म्हणून तो पडदा.

मी मैदानावरच्या कार्यालयात गेलो. खिडकीशी मिस टिबेट्स म्हणून एक बाई बसतात. त्यांच्या टोपीवर कांद्याची पात शिवलेली असते, पण चेहरा इन्कम टॅक्सवाल्यांचा. मी ‘पंचविसावा वाढदिवस’ एवढंच पुटपुटलो, ‘लग्नाचा’ हा शब्द तोंडातच राहिला.

“पंचविसावा वाढदिवस? त्या शनिवारी आतषबाजी आहे, साहेब. शुभेच्छा कधीच भरल्या.”

“एकही जागा नाही?”

“निवृत्त होणारे आहेत, आज्या आहेत, तीन कुत्रे आहेत.”

“कुत्रे?”

“वाढदिवस आहेत त्यांचे.”

“एखादा कुत्रा पुढच्या आठवड्यात नाही का सरकवता येणार?”

मिस टिबेट्सनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तीन कुत्र्यांचा खून करून आलोय. “त्यातला एक आंधळा आहे,” त्या म्हणाल्या. आंधळ्या कुत्र्याला पडद्यावरच्या शुभेच्छांचा काय उपयोग, हे विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मागे रांग होती आणि रांगेत एका बाईच्या हातात कुत्रा होता.

“एक जागा आहे,” त्या म्हणाल्या. “पाचव्या डावानंतर. लग्नाची मागणी. ज्याने घेतली होती त्याचं आधीच फिसकटलं. पाहिजे का?”

इथे मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, “विचार करून सांगतो.” आणि विचार करायला घरी आलो.

विचार करायचा म्हटला की आमच्या गल्लीत गस येतो. गस हा माझा शेजारी, पोस्टातून निवृत्त झालेला. मी गवत कापायचं यंत्र सुरू केलं की तो कुंपणाशी येऊन उभा राहतो आणि यंत्र बंद करेपर्यंत हलत नाही.

“घेऊन टाक!” गस म्हणाला. “अरे, मागणी कसली आणि शुभेच्छा कसल्या, पडदा तर तोच ना? शिवाय लोकांना मागणी घालताना धाकधूक असते. तुझं उत्तर तर ठरलेलं आहे. बायकोच आहे ती तुझी!”

“पण नाही म्हणाली तर?”

गस इतका हसला की त्याने कुंपण धरलं. मग हसू थांबवून म्हणाला, “का? काही आहे का तुमच्यात?”

“छे, छे,” मी म्हणालो, आणि हे ‘छे’ खरं वाटावं म्हणून दुसऱ्या दिवशी जाऊन जागा पक्की केली. भित्रा माणूस धाडस करतो ते बहुतेक वेळा असंच करतो.

मिस टिबेट्सनी नियम सांगितले. मागणी घालणाऱ्याने गुडघा टेकला पाहिजे. अंगठी हवी, आणि ती आधी कार्यालयात आणून दाखवायला हवी, कारण मागे दोन पोरांनी थट्टा म्हणून खोटीच मागणी घातली होती आणि प्रायोजक भडकले होते. प्रायोजक म्हणजे ‘शूमेकर बंधू, भट्ट्या व नळकाम’. मुलगी हो म्हणाली तर शूमेकर बंधूंकडून जोडप्याला पाणी तापवायची टाकी सवलतीत.

“आणि नाही म्हणाली तर?”

“मोरी तुंबली तर एकदा फुकट काढून देतात,” मिस टिबेट्स म्हणाल्या. “मुलीचं नाव?”

“डार्ला.” सत्तेचाळीस वर्षांच्या मुलीचं नाव सांगताना माझा आवाज जरा चिरकला. त्यांना ते प्रेम वाटलं असावं.

त्याच गुरुवारी आम्ही नेहमीसारखे मैदानावर गेलो आणि तिथे माझ्या तोंडचं पाणी पळालं. पाचव्या डावानंतर एका लालबुंद पोराने खेळाडूंच्या बैठकीच्या छपरावर चढून एका मुलीला मागणी घातली. मुलगी रडत हो म्हणाली. आमच्या संघाचा कांदा, म्हणजे कांद्याचं सोंग घेतलेला माणूस, दोघांभोवती नाचला. चार हजार लोक उभे राहिले. डार्ला बसून राहिली. शेंगेचं टरफल फोडत ती शांतपणे म्हणाली,

“मला कोणी असं चारचौघांत धरलं असतं ना, मी नाहीच म्हटलं असतं.”

“मनात हो असलं तरी?” मी विचारलं. आवाज माझा मलाच ओळखू येईना.

“मनात हो असलं तरी. हा काय प्रकार आहे? विचारतोय तिला आणि बघतोय पडद्याकडे.”

“तुझ्या बापाने मला धान्याच्या दुकानात विचारलं होतं,” सासूबाई म्हणाल्या. त्यांचं नाव व्हर्ना, वय ऐंशीच्या पुढे, आणि त्या पंचांवर ओरडायला येतात. “कोंबड्यांचं खाद्य तोलता तोलता. मी म्हटलं, आधी काट्यावर लक्ष दे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिस टिबेट्सच्या खिडकीशी हजर. “मला मागणी रद्द करायची आहे.”

“तीनच कारणांनी होते,” त्या म्हणाल्या. “पाऊस, मृत्यू, किंवा मुलीने आधीच होकार दिला असेल तर.”

मला केवढं हायसं वाटलं! “दिलाय की! तिने आधीच होकार दिलाय!”

“अभिनंदन. कधी?”

 पंचवीस वर्षांपूर्वी, असं सांगितलं असतं तर मी थट्टा करणारा ठरलो असतो, आणि तशा लोकांना मैदानावर कायमची बंदी. गुरुवार गेला असता. गाडीत उशा, गोधड्या, सासूबाई रचणं गेलं असतं. डार्लाबरोबर बसायची ती एकच जागा आता उरली होती, जिथे आम्हाला काही न बोलता शेजारी बसता येत होतं.

“नाही, म्हणजे, देईल असं वाटतं,” मी म्हणालो.

“सगळ्यांनाच वाटतं,” मिस टिबेट्स म्हणाल्या. “अंगठी आणा.”

मग राहिला पाऊस. मी जन्मात कधी इतकं आभाळाकडे बघितलं नव्हतं. आमच्या इथला जुलै म्हणजे रोज संध्याकाळी गडगडाट, पण त्या आठवड्यात ढग म्हणून नावाला नाही. कांद्याचे शेतकरीसुद्धा काळजीत होते आणि मी त्यांच्याहून जास्त. चर्चमध्ये पावसासाठी प्रार्थना झाली तेव्हा मी इतक्या मनापासून हात जोडले, की पाद्रीबाबांनी नंतर विचारलं, “नॉरिस, तू शेती घेतलीस का?”

तिकडे गसने आपलं काम केलं होतं. त्याने ही गोष्ट फक्त बायकोला सांगितली होती. बायकोने फक्त चर्चच्या स्वयंपाकघरात सांगितली. एल्डरविलमध्ये चर्चच्या स्वयंपाकघराबाहेर राहतंच कोण? आमच्या सबंध गल्लीने शनिवारची तिकिटं काढली. वर सगळ्यांनी गुपित इतकं कसोशीने पाळलं, की डार्ला दिसली की बायका बोलता बोलता थांबत आणि हवापाण्याकडे वळत.

एके दिवशी ती बाजारातून आली ती पिशवी ओट्यावर आपटूनच. “नॉरिस, माझ्या पाठीमागे लोक काही बोलतात का?”

“नाही बुवा. का?”

“मी आले की गप्प होतात. गसच्या बायकोने माझा हात दाबला आणि म्हणाली, ‘जे होतं ते चांगल्यासाठीच.’ ग्लेंडाकडे जाणार म्हणून बोलतात का?”

 किती दिवसांसाठी, ते विचारायची हीच वेळ होती. ती समोर उभी होती, विषय तिनेच काढला होता. मी म्हणालो, “तुझ्या गाडीच्या ब्रेकचा आवाज येतोय. बघतो जरा.” आणि अंगणात जाऊन मुळीच आवाज न येणाऱ्या ब्रेकपाशी बराच वेळ बसून राहिलो.

अंगठीचा घोळ वेगळाच. अंगठी डार्लाच्या बोटात, ती मागणार कशी? शेवटी सासूबाईंना विश्वासात घ्यावं लागलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग साबणाने घासून घासून स्वतःची अंगठी काढली.

“हो म्हणाली तर परत आण. नाही म्हणाली तरी परत आण.”

“व्हर्ना, तुम्हाला काय वाटतं? काय म्हणेल?”

 पंचांवर ओरडणारी ही बाई पहिल्यांदाच मऊ आवाजात बोलली. “मुलगी माझी आहे, पण मला सांगता येत नाही रे,” त्या म्हणाल्या.

शनिवार उजाडला तो निरभ्र. मैदानावर पोहोचलो तर आमच्या आजूबाजूच्या सगळ्या रांगा ओळखीच्या. गल्ली, चर्च, माझं पाणीपुरवठा कार्यालय, शिवाय आमचा दंतवैद्य. सगळ्यांच्या डोक्यावर कांद्याच्या टोप्या, आणि सगळे डार्लाकडे बघून ओळख नसल्यासारखे मान फिरवत होते.

“आज अख्खं गाव आलंय का?” डार्ला म्हणाली.

“आतषबाजी आहे ना,” सासूबाई म्हणाल्या.

 हॉटडॉग हातात थंड झाला. डार्लाने माझ्या कपाळाला हात लावला. “तू पिवळा पडलायस. घरी जाऊ या का?”

केवढी सोपी वाट होती! मी उठलोही होतो. तेवढ्यात मागून गसने माझा खांदा दाबून मला खाली बसवलं. “काही होत नाही त्याला. ऊन लागलंय,” तो म्हणाला. सूर्य केव्हाच छपरामागे गेला होता.

पहिला डाव, दुसरा डाव. एरवी रेंगाळणारे आमचे कांदे त्या दिवशी भराभर बाद होत होते. तिसऱ्यात एक वेडावाकडा उडालेला चेंडू सूं करत माझ्या रोखाने आला. आयुष्यात पहिल्यांदा मी वाकलो नाही. उलट, लागावा असंच वाटलं. हलकेच, पण स्ट्रेचरवरून न्यावं लागेल इतपत. तो गसच्या बायकोने टोपीत पकडला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पाचवा डाव संपला. पायऱ्यांवरून कांदा आमच्याच रांगेकडे येताना दिसला. कांद्याच्या मागे हातात मायक्रोफोन घेतलेल्या मिस टिबेट्स. लहान मुलं ओरडू लागली. डार्ला म्हणाली, “आता कोणाचा नंबर, बिचारी?” आणि कांद्याने आपला जाडजूड पंजा तिच्यापुढे केला.

त्यापुढचं मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. आम्ही दोघं खेळाडूंच्या बैठकीच्या छपरावर उभे. पडद्यावर तीस फूट उंच अक्षरं, ‘डार्ला, माझ्याशी लग्न करशील?’ खाली शूमेकर बंधूंचं चित्र, एक भट्टी आणि तिला मिठी मारणारं जोडपं. मी गुडघा टेकला. गुडघ्याने कड्कन आवाज केला, तो मायक्रोफोनमधून सगळ्या मैदानाला ऐकू गेला आणि चार हजार लोक “आई गं!” म्हणाले. मी डबी उघडली.

डार्लाने आत बघितलं. “ही तर आईची अंगठी.”

हेही सगळ्यांना ऐकू गेलं.

मग तिने माझ्याकडे बघितलं. मी पडद्याकडे बघत नव्हतो, एवढं मात्र मला नक्की आठवतं. मी तिच्याकडे बघत होतो आणि त्या वेळी मला जी भीती वाटली तशी आयुष्यात कधी वाटली नव्हती. पंचवीस वर्षांपूर्वी विचारलं तेव्हा ती मला ओळखत नव्हती. तेव्हा हो म्हणणं सोपं होतं. आता तिला सगळं माहीत होतं. माझं घोरणं, माझं भिणं, माझं गप्प बसणं, आणि ज्या ब्रेकचा आवाज येत नाही तो ब्रेक तपासणं. हे सगळं माहीत असलेल्या बाईला मी पुन्हा विचारत होतो.

“नाही,” डार्ला म्हणाली.

मैदानावर अशी शांतता पसरली की लांबच्या मक्याच्या लाह्यांच्या यंत्राचा आवाज येऊ लागला. मग कोणीतरी रडलं. तो आमचा दंतवैद्य होता. निवेदकाने खाकरून सांगितलं, “शूमेकर बंधूंकडून, अं, मोरी साफ करण्याचं एक कूपन.” खालून पंच ओरडला, “छप्पर रिकामं करा! वेळ संपली!” आता दोन डावांमधला वेळही घड्याळावर मोजतात, आणि घड्याळाला मोडलेल्या मनाशी काही देणंघेणं नसतं.

पण मी उठू शकत नव्हतो. गुडघा तसाच अडकला होता. नकार मिळाल्यावरही मी तिच्यापुढे गुडघा टेकून बसलोय, हे बघून लोकांना आणखीनच गहिवर आला. “ऊठ रे!” कोणीतरी ओरडलं. “अभिमान आहे की नाही?” अभिमान होता हो, गुडघा नव्हता! शेवटी कांद्याने मला काखेत धरलं, गसने पाय धरले, आणि मला कपाटासारखं आडवं करून खाली उतरवलं. मिस टिबेट्स जाता जाता माझ्या कानाशी वाकल्या आणि म्हणाल्या, “आंधळा कुत्रा वारला काल. तुमचा वाढदिवस बसला असता.”

आम्ही जागेवर येऊन बसलो. बसणार नाही तर काय? गाडीच्या चाव्या सासूबाईंकडे होत्या आणि सामना संपल्याशिवाय त्या उठत नाहीत. सासूबाईंनी आधी अंगठी मागून घेतली आणि मग, आयुष्यात प्रथमच, जागा बदलून आमच्यापासून दोन खुर्च्या पलीकडे जाऊन बसल्या.

लोक येऊ लागले. ज्यांना मी कधी बघितलंही नव्हतं अशी माणसं येऊन माझ्या मांडीवर काही ना काही ठेवून जात होती. एक बिअर, दोन हॉटडॉग, कापूसगोळ्यासारखी गुलाबी साखर. कोणी पाठीवर थाप मारी, कोणी डार्लाकडे रागाने बघून जाई. आणि ज्या बाईने मला नाकारलं तीच माझ्या शेजारी बसून माझे हॉटडॉग धरत होती, कारण मला दोनच हात.

“मी सांगितलं होतं तुला,” ती पुढे बघत म्हणाली. “चारचौघांत विचारलं तर नाही म्हणेन.”

“जागा त्याआधी घेतली होती. रद्द होत नव्हती. पाऊस किंवा मृत्यू...”

“नॉरिस.” तिने हॉटडॉग खाली ठेवले. “त्या पडद्यावर जे होतं त्याचं उत्तर मी केव्हाच दिलंय तुला. मला ते पुन्हा विचारू नकोस. जे विचारायचंय ते विचार.”

मैदानावर कोणीतरी काहीतरी केलं आणि लोक ओरडले. मला काही दिसत नव्हतं.

“मला भीती वाटते,” मी म्हणालो. “तू ओरेगनला गेलीस की परत येणार नाहीस.”

बोललो. संपलं. त्यासाठी पडदा लागला नाही, अंगठी लागली नाही, भट्टीवाले लागले नाहीत. ती लगेच म्हणेल, ‘वेडा आहेस का,’ असं मला वाटलं होतं. पण तिने तसं म्हटलं नाही. 

“मलाही,” ती म्हणाली.

 चेंडू लागला की आधी दुखत नाही, आधी नुसतं बधिर होतं, तसं झालं.

“मला वाटायचं, मी गेले आणि तिथे जमलं तर?” ती म्हणाली. “इथे तर कोणाच्या लक्षातही येत नाहीये मी जातेय ते. तू एकदाही विचारलं नाहीस. बॅग मुद्दाम उघडी टाकली होती मी. दारसुद्धा उघडं ठेवायची. तू भिंतीकडे बघत जायचास.”

“तेल बदललं ना मी गाडीचं.”

“बदललंस.”

“दोनदा.”

“दोनदा बदललंस. आणि मला वाटलं, हा मला लवकर पाठवायला निघालाय.” तिचा आवाज भरला आणि तिने नाक पुसलं. आजूबाजूला कांद्याच्या टोप्या घातलेली सगळी गल्ली आमच्याकडे न बघण्याचा आटोकाट प्रयत्न करत होती. “मूर्ख आहेस तू, नॉरिस.”

“आहे,” मी म्हणालो. “जाऊ नकोस असं मी म्हणत नाही. जा. पण मला भीती वाटते, एवढं सांगतो.”

 मी वाट बघितली. हे छपरावरच्या गुडघ्यापेक्षा अवघड होतं, कारण इथे वेळ संपली म्हणून ओरडायला पंच नव्हता.

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक अनोळखी, धिप्पाड गृहस्थ पुढे वाकले. हातात नाचोजचा डबा, डोळ्यांत पाणी. ते छपरावरचा सगळा प्रकार बघून माझ्यासाठी एवढ्या पायऱ्या उतरून आले होते.

“दादा,” ते मला म्हणाले, “मन लहान करू नका. माझंही असंच झालं होतं. अशा बाईसाठी जीव टाकू नये. तुमच्यासारख्याला दुसरी मिळेल, याहून चांगली मिळेल.”

डार्ला सर्रकन वळली. मी तिला पंचांवर ओरडताना कधी बघितलं नव्हतं. पण ती व्हर्नाची मुलगी आहे, हे त्या क्षणी सगळ्या रांगेला कळलं.

“ओ साहेब!” ती म्हणाली. “पंचवीस वर्षांपासून नवरा आहे तो माझा. दुसरी-बिसरी काही मिळणार नाही त्याला. मी परत येणार आहे!”

गृहस्थ नाचोजचा डबा धरून तसेच उभे राहिले. आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“कुठून?” त्यांनी विचारलं.